कप्तानला उशीर

३ फेब्रुवारी, मंगळवार

दादाने आज सांगून टाकलं. ही शेवटची गोष्ट. बारा पानं, एकाच अंकात. त्यानंतर कप्तान नाही, मासोळी नाही, सावकाश नाही.

साप्ताहिकाच्या संपादकबाई समोर बसल्या होत्या. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "वाचक मला जिवंत ठेवायचे नाहीत," म्हणाल्या. दादा म्हणाला, "मग आपण दोघं बरोबरच जाऊ." त्या हसल्या नाहीत. दादाला खोकला आला. तो थांबेपर्यंत वहिनी, बाई आणि मी, तिघंही खिडकीकडे बघत राहिलो.

फुफ्फुसांचं आहे. किती दिवस ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. 'बघू' म्हणाले. वहिनी म्हणतात, डॉक्टर 'बघू' म्हणाले की बघण्यासारखं काही उरलेलं नसतं.

एकतीस वर्षं, दर आठवड्याला चित्रकथेची दोन पानं. गोष्ट दादाची, चित्रं दादाची. मी फुगे भरतो. पात्रांच्या तोंडाजवळ जे गोल असतात, ज्यांत ती बोलतात, त्यांतली अक्षरं माझी. कप्तान आजवर जे बोलला ते माझ्या हाताने बोलला. लोकांना वाटतं, ती अक्षरं छापखान्यात आपोआप उमटतात. वाटू दे.

वही लिहायची मला सवय नाही. दुसऱ्याचं लिहायची आहे. पण शेवटचं काम कसं झालं हे कुठेतरी असावं, म्हणून.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दादा आधी निळ्या पेन्सिलीने काढतो. निळी रेघ छपाईच्या कॅमेऱ्याला दिसत नाही. तिच्यावर काळी शाई फिरवली की तेवढंच छापलं जातं. फुग्यांतले शब्दही तो निळ्यातच खरडतो. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी ते नीट लिहितो.

आज पहिल्या पानावर तो शाई फिरवायला बसला. मांडीवर फळी, पाठीला तीन उशा. कप्तानच्या नाकाला फाटा फुटला. दुसऱ्या चौकटीत मासोळीचा कान गेला. हात थरथरतो आहे. त्याने ब्रश पाण्यात टाकला.

"धाकट्या, शाई तू फिरव."

"मी? माझी रेघ कच्ची आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. "कोण म्हणालं?"

"तूच सांगितलं होतंस. म्हातारे संपादक म्हणाले म्हणून."

त्याने पाण्यातला ब्रश काढून माझ्यापुढे धरला. मग म्हणाला, "फिरव."

११ फेब्रुवारी, बुधवार

तीन पानं झाली.

कप्तानसाठी घाम गाळावा लागतो. सरळ माणूस, त्याला कुठूनही धरता येत नाही. मासोळी त्याहून अवघड. पाण्यात बुड्या मारणारी पोरगी, एका जागी उभी म्हणून राहत नाही, आणि तोंड तर क्षणभरही थांबत नाही. माझी निम्मी शाई तिच्या बडबडीवर गेली असेल. सावकाश मात्र आपोआप आला. डावा पाय जरा ओढलेला, भार उजव्या खांद्यावर, आणि चेहऱ्यावर कसलीच घाई नाही. माझाही डावा पाय तसाच आहे, त्यामुळे अंदाज लागतो.

वहिनी औषध घेऊन आल्या. माझ्या खांद्यावरून बघत थांबल्या.

"आज हा अगदी त्याच्यासारखा दिसतोय."

"कोणासारखा?"

"सावकाशसारखा," म्हणाल्या आणि गेल्या.

लिहायला बसलोच आहे तर लिहून ठेवतो. मी नऊ वर्षांचा असताना तापात पाय गेला. पोरं पळायची, दादा सगळ्यांच्या पुढे. मी निघालो की आई दारातून ओरडायची, "धाकट्या, सावकाश!" पोरांनी मग तेच नाव पाडलं. सावकाश आला, सावकाश गेला. मी एका वहीत त्या नावाचा एक माणूस काढला. तो कधीच धावत नाही. सगळे धावतात, आणि तो सगळ्यांच्या आधी तिथे पोचलेला असतो. वही भरली, दुसरी घेतली. तेव्हा तो खलनायक नव्हता. खलनायक त्याला दादाने केलं.

बावीस वर्षांचा असताना दादा साप्ताहिकात चित्रं दाखवायला गेला. स्वतःचा कप्तान नेला, आणि ती वहीसुद्धा नेली. म्हातारे संपादक, जे तेव्हा म्हातारे नव्हते, वहीपाशी थांबले. म्हणाले, हा लंगडा ठेवा, बाकीचं बघू. वही कोणाची हे कोणी विचारलं नाही. घरातलीच वही. भावाभावांत माझं-तुझं करायचं नसतं. मी सतरा वर्षांचा होतो.

मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आज शाई फिरवताना आठवलं, इतकंच.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

म्हातारे संपादक दादाला बघायला आले. चौऱ्याऐंशी वर्षं. निवृत्त होऊन वीस झाली, पण टेबलावर कागद दिसला की अजून हात जातो. सहावं पान उचललं आणि डोळ्यांजवळ धरलं.

"हा लंगडा कोणी शाईत घेतला?"

"धाकट्याने," दादा म्हणाला.

"अरे!" म्हातारे माझ्याकडे वळले. "मग एवढी वर्षं काय झोपा काढत होतास? तुझा दादा तर मला म्हणाला होता, धाकट्याला चित्रात रस नाही, त्याला नुसती अक्षरं आवडतात."

दादाला खोकल्याची उबळ आली. वहिनींनी पाणी दिलं. विषय बदलला.

मी म्हाताऱ्यांना खाली पोचवायला गेलो. ते कठड्याला धरून, मी त्यांना धरून. "आपण दोघं खाली पोचेपर्यंत पुढचा अंक निघेल," ते म्हणाले. मधल्या पायरीवर दम खायला थांबले, तेव्हा मी म्हटलं, "रेघ कच्ची आहे असं तुम्हीच म्हणाला होता."

"कोणाची?"

"माझी."

"तुझी रेघ मी आज पहिल्यांदा बघितली, बाबा."

चौऱ्याऐंशी वर्षं म्हणजे थोडी नाहीत. या वयात माणूस विसरतो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दादाने आज पेन्सिल हातात घेतली नाही.

"म्हातारा जिन्यात काय म्हणाला?"

"काही नाही. जिन्यात उजेड कमी आहे म्हणाला."

"धाकट्या."

"काय?"

"काही नाही. पाणी दे."

पाणी दिलं. त्याने दोन घोट घेतले आणि पेला हातातच धरून ठेवला, जणू मी तो परत मागणार होतो.

२ मार्च, सोमवार

दहावं पान. सावकाशचं जहाज बुडतं आहे. तो स्वतःच्याच जहाजाच्या तळातल्या कोठडीत, गजांच्या दाराआड अडकला आहे. पाणी कमरेपर्यंत. मासोळी म्हणते, 'सोड त्याला, कप्तान! त्याने आपल्याला किती वेळा बुडवलं आठव!' कप्तान खाली उतरतो.

"सावकाश मरणार?" मी विचारलं.

"सगळेच मरणार. तो आधी."

"पोरं रडतील."

"रडू देत. तू रडशील?"

"मी कशाला रडू? मला फुगे भरायचेत."

दादा हसला. हसण्यातून खोकला निघाला. खोकल्यातून सावरून म्हणाला, "तू माझ्यावर कधी रागावला नाहीस रे."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलही."

"लहानपणी रागावलो होतो. माझी गोटी गिळलीस तेव्हा."

"ती मीच गिळली असं तुला अजून वाटतं?"

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "गिळली असेल. आतून जे वाजतं ते तेच असणार." तिघंही हसलो. दिवस बरा गेला.

८ मार्च, रविवार

दादाने बारावं पान दिलं. इतर पानं तो नुसती सरकवतो. हे पाकिटात घालून दिलं.

"हे नीट वाच."

"मी नेहमी नीटच वाचतो."

"तू वाचत नाहीस. लिहितोस." पाकीट त्याने सोडलं नव्हतं, एक टोक त्याच्या हातात आणि एक माझ्या. "आज घरी गेलास की वाच. आजच."

"अकराव्याची शाई राहिलीय. आधी अकरा, मग बारा."

"तुझा क्रम!" त्याने पाकीट सोडलं. मग उशीवर मागे टेकत म्हणाला, "बरं. सावकाश."

माझी खोली दोन गल्ल्या पलीकडे आहे. येऊन अकराव्याला बसलो. कोठडीतलं पाणी फार वेळ खातं. सगळ्या रेघा आडव्या, आणि एकही सरळ नाही. पाकीट खणात ठेवलं आहे.

९ मार्च, सोमवार

सकाळी वहिनींचा फोन. दादा अंथरुणात उठून बसला, काहीतरी बोलायला गेला, आणि एका अंगावर कलला. झटका. दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर आहे. उजवा हात, उजवा पाय, वाचा, तिन्ही गेली.

डोळे मात्र पूर्वीसारखेच आहेत. मी आत गेलो तेव्हा लगेच माझ्यावर आले.

१४ मार्च, शनिवार

रोज चार वाजता जातो. दादा माझ्याकडे बघतो. तोंडातून एक आवाज काढतो, त्याला अर्थ नाही. भुवया वर जातात, जशा प्रश्न विचारताना जातात.

"तुम्हाला काहीतरी विचारतायत," वहिनी म्हणाल्या.

"कामाचं असणार," मी म्हटलं आणि त्याच्या कानाशी वाकलो. "दादा, काळजी करू नकोस. अकरावं झालं. आता बारावं घेतो."

त्याने डोळे मिटले. बरं वाटलं असावं.

१७ मार्च, मंगळवार

आज पाकीट उघडलं.

पाच चौकटी. पहिल्या तिन्हींत पाणी चढतं. चौथी मोठी, अर्धं पान तिनेच व्यापलं आहे. गजांच्या अलीकडे कप्तान, पलीकडे सावकाश, दोघांचे हात गजांमधून एकमेकांत. पाणी हनुवटीपर्यंत. शेवटच्या चौकटीत नुसता समुद्र. दादाने इतकं चांगलं चित्र कित्येक वर्षांत काढलं नव्हतं. थरथरत्या हाताने काढलं, म्हणून की काय, पाणी खरंच हलतं.

चौथ्या चौकटीत एकच फुगा. त्यात निळ्या अक्षरांत: 'फार उशीर केला मी. माफ कर.'

आणि फुग्याची शेपूट चुकली आहे.

प्रत्येक फुग्याला एक निमुळती शेपूट असते. ती ज्याच्या तोंडाकडे वळते, तो बोलतो. एवढ्याशा शेपटीने किती गोंधळ होतो ते माझ्याइतकं कोणाला माहीत नसेल. एकदा घाईत मी ती जरा डावीकडे नेली आणि कप्तानची शपथ जहाजावरच्या कुत्र्याच्या तोंडी गेली. महिनाभर पत्रं येत होती. एकाने लिहिलं होतं, कुत्रा कप्तानपेक्षा बरा बोलतो.

दादाने शेपूट कप्तानकडे वळवली आहे. कप्तान सावकाशची माफी मागतो! कशासाठी? एकतीस वर्षं ज्याने बंदरं जाळली, जहाजं बुडवली, मासोळीला तीनदा पळवलं, त्याची? आणि उशीर? कप्तान कधी उशिरा पोचत नाही. त्याच्यावरून घड्याळ लावून घ्यावं. त्याची ख्यातीच ती आहे. हे वाक्य मरणाऱ्या माणसाचं आहे, पश्चात्तापाचं आहे. ते सावकाशचंच.

तोंडंही उलटी पडली आहेत. कप्तानचं उघडं, सावकाशचं मिटलेलं. सावकाश काहीच बोलत नाही, नुसता बघतो. दादा इतका आजारी होता हे मला आधीच कळायला हवं होतं.

चार वाजता वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "काही बदलायचं असेल तर त्यांना दाखवून घ्या. डोळ्यांनी हो-नाही सांगतात ते."

"कशाला त्रास? चूक झाली हे कळलं तर जिवाला लावून घेईल."

"दाखवा, भावजी," त्या पुन्हा म्हणाल्या.

संपादकबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुम्हीच बघा. इतकी वर्षं तुम्हीच बघताय."

संध्याकाळी बसून करून टाकलं. दादाच्या निळ्या शेपटीवर शाई फिरवली नाही, सावकाशच्या तोंडाकडे दुसरी काढली. कप्तानचं तोंड मिटवलं, सावकाशचं उघडलं. आता चित्र बरोबर वाटतं. 'माफ कर'मधला 'फ' मात्र दोनदा लिहावा लागला. पहिल्यांदा हात घसरला. असं सहसा होत नाही.

२७ मार्च, शुक्रवार

अंक निघाला. छपाईचा वास जायच्या आत घेऊन गेलो.

वहिनींनी दादाला टेकवून बसवलं आणि अंक त्याच्यासमोर धरला. पानं त्या उलटत होत्या. दर पानावर तो थांबायचा, माझ्या रेघांवरून त्याची नजर सावकाश फिरायची. सहाव्या पानावर त्याने माझ्याकडे बघून पापणी मिटली. शाबासकी होती ती. एकतीस वर्षांत पहिली.

मग बारावं पान.

चौथ्या चौकटीपाशी तो फार वेळ थांबला. मग डावा हात उचलून माझ्या खिशाला लावला. खिशात पेन्सिल होती. ती त्याने ओढली. धरता येईना, वहिनींनी बोटांत बसवून दिली. डाव्या हाताने त्याने पानावर एक रेघ काढली. वाकडी, लहान पोर काढतं तशी. फुग्यापासून कप्तानच्या तोंडापर्यंत.

"दादा, ते मी दुरुस्त केलं," मी म्हटलं. "शेपूट चुकली होती तुझी."

त्याने तीच रेघ पुन्हा काढली. पुन्हा. कागद फाटला.

"दादा, अरे, माफी सावकाशने मागायची."

वहिनींनी अंक खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही. "भावजी, कोणी कोणाची माफी मागायची, हे अजून कळत नाही का हो तुम्हाला?"

मी फाटलेल्या कागदाकडे बघितलं.

"हे पान त्यांनी सगळ्यात आधी काढलं. जानेवारीत. उरलेली अकरा पानं ह्याच्यासाठी काढली. तोंडाने बोलवत नाही त्यांना. तोंड चालत होतं तेव्हाही बोलवलं नाही." त्या दादाकडे बघत होत्या, बोलत माझ्याशी होत्या. "तुमची चित्रं त्यांनी कधी कोणाला तुमची म्हणून दाखवलीच नाहीत. रेघ कच्ची असं कोणीही म्हणालं नव्हतं. भीती वाटली म्हणाले. तुमचं चित्र बघितल्यावर माझं कोण बघणार, म्हणाले. लग्न झालं त्या वर्षीच मला सांगितलं होतं. मीही गप्प बसले. तेव्हा मलाही त्यात धरा."

दादा माझ्याकडे बघत होता. वाट बघत होता. मला काय म्हणायचं आहे ते मला माहीत होतं. दोन शब्द. लहानातल्या लहान फुग्यात मावतील असे. आयुष्यभर मी दुसऱ्यांसाठी असलेच शब्द लिहिले.

तोंडातून निघेनात. मला राग आला होता. मी त्याच्या बोटांतून माझी पेन्सिल काढून घेतली. म्हटलं, "झोप आता."

आणि निघून आलो.

२८ मार्च, शनिवार

गेलो नाही. पाय दुखत होता.

२९ मार्च, रविवार

गेलो नाही. पाय दुखत नव्हता.

मला वाईट वाटलं नाही, असं मी या वहीत लिहिलं आहे. ते खोडत नाही. पण ते खरं नव्हतं. बावीस वर्षांच्या माणसाने सतरा वर्षांच्या भावाला सांगितलं, तुझी रेघ कच्ची आहे, आणि त्या भावाने ते ऐकलं. ऐकून ब्रश ठेवला. पुन्हा उचलून बघितलासुद्धा नाही. कोणाचा जास्त राग येतो, सांगणाऱ्याचा की ऐकणाऱ्याचा, ते आज दिवसभर ठरलं नाही.

माझा सावकाश चोर नव्हता. तो कोणाचं काही घेत नव्हता. नुसता चालायचा आणि पोचायचा. त्याला दादाने चोर केलं, आगी लावायला लावल्या, आणि दर आठवड्याला हरवलं. ते मी माझ्या अक्षरांत लिहीत गेलो. 'पुन्हा हरलास, सावकाश!' हे वाक्य मी हजार वेळा तरी लिहिलं असेल. चांगलं वळणदार लिहिलं.

वहिनींचा फोन आला होता. "दाराकडे बघतायत," एवढंच म्हणाल्या.

३० मार्च, सोमवार

उद्या जाईन. काय बोलायचं ते कागदावर लिहून बघितलं. चार कागद फाडले. पाचव्यावर एक ओळ राहिली आहे. फार चांगली नाही, पण खोटी नाही. खिशात ठेवली आहे.

३१ मार्च, मंगळवार

दादा सकाळी नऊच्या सुमारास गेला.

मी जिन्यात होतो. दुसऱ्या मजल्यावर.

४ एप्रिल, शनिवार

माणसं येतात, बसतात, कप्तानबद्दल बोलतात. एक पोक्त गृहस्थ, कुठल्याशा बँकेत आहेत, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "आमचं बालपण गेलं हो." मी म्हटलं, "हो." त्यांनी विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

वहिनी म्हणाल्या, "धाकटे भाऊ. सावकाश ह्यांचा." गृहस्थांना वाटलं, आवडता म्हणून. म्हणाले, "मलाही तोच आवडायचा. घरी सांगायची चोरी होती."

२० एप्रिल, सोमवार

संपादकबाईंनी वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा पाठवला. दोनशेच्या वर आहेत. बहुतेकांनी शेवटच्या पानाबद्दल लिहिलं आहे. किती चांगला शेवट. इतका दुष्ट माणूस, पण अखेर त्याला उपरती झाली. एका मास्तरांनी ते पान वर्गात वाचून दाखवलं आणि मुलांना निबंध घातला: 'पश्चात्ताप'.

सावकाशने माफी मागितली, असं दोनशे लोकांना वाटतं. माझ्या सावकाशने. ते त्याच्या तोंडी मी घातलं. दादाने घातलं नव्हतं. दादाने त्याचं तोंड मिटलेलं ठेवलं होतं. त्याला काही बोलायची गरज नव्हती, नुसतं ऐकायचं होतं.

एक पत्र वेगळं ठेवलं आहे. मुलगी, वय नऊ. रेघांचा कागद, पेन्सिल. 'सावकाशने सॉरी म्हटलं म्हणून मी त्याला लगेच माफ केलं. कप्तानने पण केलं का? ते दाखवलं नाही.'

लगेच. तिला जमलं.

९ जून, मंगळवार

शेवटच्या गोष्टीचं पुस्तक निघणार आहे. बाईंनी मूळ पानं परत पाठवली. सोबत चिठ्ठी: 'काही दुरुस्त्या असतील तर आठ दिवसांत करून द्या. नंतर बदलता येणार नाही.'

अकरा पानांत काही नाही. बारावं पुढ्यात घेऊन बसलो.

दादाची शेपूट तिथेच आहे, निळी. तिच्यावर शाई फिरवली. हात स्थिर होता. मग कप्तानच्या मिटल्या ओठांवर पांढरा रंग लावला, वाळू दिला, आणि तोंड दादाने काढलं होतं तसं उघडलं. अर्ध्या तासाचं काम. आता राहिली ती मी काढलेली शेपूट, सावकाशकडे जाणारी. ती पांढऱ्याने बुजवायची, त्याचं तोंड मिटवायचं, आणि पान दादाच्या मनासारखं झालं.

ब्रश बुडवला. फुग्यातलं वाक्य वाचलं. या वेळी लिहिण्यासाठी नाही, वाचण्यासाठी.

फार उशीर केला मी. माफ कर.

एका फुग्याला दोन शेपट्या असल्या तर ते वाक्य दोघं एकदम बोलतात. असं क्वचित करतात. वाचक गोंधळतो म्हणून म्हातारे संपादक ते करू द्यायचे नाहीत, आणि एकतीस वर्षांत आम्ही एकदाही केलं नव्हतं.

ब्रश धुऊन ठेवला. सावकाशचं तोंड मिटवलं नाही.

संध्याकाळी पान घेऊन वहिनींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, खिडकीजवळ नेऊन बघितलं. आधी एक शेपूट, मग दुसरी. दोन्हींवरून बोट फिरवलं, कागदाला न टेकवता.

मग म्हणाल्या, "शाई वाळलीय ना?"

म्हटलं, "वाळलीय."

"मग आजच्या दिवस राहू दे इथे," म्हणाल्या, आणि पान दादाच्या टेबलावर उघडंच ठेवलं.